बाहेर उघडणारी खिडकी

हँडल हातात आलं. गुरुवारी दुपारी, तीनच्या सुमारास, मागच्या खोलीच्या खिडकीचं. मी ते फिरवत होते, ते फिरत नव्हतं, मी रागाने जोर लावला आणि मानेपाशी कट् असा आवाज होऊन लोखंडाची ती काळी, वापरून गुळगुळीत झालेली मूठ माझ्या मुठीत राहिली. खोडते. रागाने नाही. राग नंतर आला. आधी नुसतं आश्चर्य वाटलं, की इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातात टिकलेली वस्तू माझ्याच हातात तुटली. खिडकीचं दार सुटलं, वाऱ्याने बाहेर गेलं, भिंतीवर आपटलं, आणि माझं शरीर एक पाऊल मागे सरलं. खिडकी बाहेर उघडते. मी आत होते. मागे सरायचं काही कारण नव्हतं. ते पाऊल मला फरशीवर दिसलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं, आणि मग राग आला. मी ती मूठ खिडकीतून फेकली, जितकी लांब जाईल तितकी, कंपाउंडपलीकडच्या उसात. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

उद्या आई येणार होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यात पंधरा दिवस धूळ जाता कामा नये, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, एकदा तिला, मोठ्याने, आणि एकदा मला. आणि उसाचा हंगाम चालू. साखर कारखान्याची काजळी दिवसभर उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भांड्यांवर, ओठांवर. भीमनगरात आईच्या घराला पत्रा आहे आणि पत्र्याखाली चार बोटांची फट आहे, तिथून काजळी सरळ अंथरुणावर येते. म्हणून ती यायला कबूल झाली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आम्ही हे घर घेतल्यापासून ती फक्त पुढच्या ओट्यापर्यंत आली होती, खुर्चीवर बसून चहा प्यायली होती, "बरं हाय घर" म्हणाली होती आणि रिक्षा बोलवायला लावली होती. बेलापुरात अजूनही या घराला शेटजींचा बंगला म्हणतात. कुरिअरवाला फोनवर विचारतो, "शेटजींच्या बंगल्यात राहता तेच ना?" मी म्हणते, सीमा रखमाजी, पत्ता लिहिलाय तो वाच. मग तो पत्ता वाचतो, आणि म्हणतो, "हां, म्हणजे शेटजींचा बंगला." घर विकताना शेटजींचा पुण्याचा नातू सह्या करता करता म्हणाला होता, "तुमच्या आई आमच्याकडे असायच्या ना?" असायच्या. जणू पाहुण्या म्हणून राहायला यायच्या. मी सही केली. पेन कागदात घुसलं.

मागची खोली म्हणजे शेटजींचं जुनं स्वयंपाकघर. ओटा तोडला, भिंती रंगवल्या, खाट टाकली. प्रवीण म्हणाला होता, आईंना पुढच्या खोलीत ठेवू, ऊन येतं, बाथरूम जवळ आहे. मी म्हणाले, नाही, मागच्याच खोलीत. तो म्हणाला, का? मी म्हणाले, मी सांगते म्हणून. नवरा म्हणून तो वाईट नाही. त्याला भांडण पुढे नेता येत नाही, एवढंच, आणि त्याचा मला राग येतो.

"दोरीने बांधू तात्पुरती," हँडल तुटल्यावर तो आला आणि म्हणाला.

"दोरीने?"

"नाहीतर ही खिडकीच काढून टाकू. अ‍ॅल्युमिनियमची सरकती बसवू. छान जाळीबिळी येते. हे लोखंडाचं लचांड ठेवायचं तरी कशाला?"

"ही खिडकी काढायची नाही."

"बरं, नाही काढायची. तो तुटलेला तुकडा दे, दाखवून दुसरा आणतो."

"फेकला."

"कुठं?"

मी उसाकडे बोट दाखवलं. तो उसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ऊसतोड आली की सापडेल," आणि हसला. मी स्कूटीची किल्ली घेतली.

गनीभाईंचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला आहे. पुढे ग्रील, दारं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, मागे वेल्डिंग. जुन्या लोखंडी खिडक्यांचं सामान आता फक्त त्यांच्याकडे मिळतं, तेही एका पत्र्याच्या डब्यात, गंजाच्या वासासकट.

"नमुना आणला का, ताई?"

"नाही."

"तुटका तुकडा तरी?"

"फेकला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, लोक हितं सडका नटबोल्टबी रुमालात बांधून आणतेत." मग डबा पुढे ओढला. "बरं. ह्याला डावं-उजवं असतंय. खिडकी लावली की हँडलचं तोंड कुन्या बाजूला जातंय? डाव्या का उजव्या?"

मी डोळे मिटले. मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या मुलांना शिकवते, डोळे मिटून वस्तू फिरवता आली पाहिजे, असं वीस वर्षं सांगते आहे. डोळे मिटले आणि खिडकी आली. दाणेदार काच. काचेमागे काळी आकृती, खाली लोंबणारी मूठ आणि आडवं तोंड, एखाद्या पक्ष्यासारखी, चोच उजवीकडे. लहानपणी ही मूठ वर जायला लागली की मागे सरायचं. आई माझ्या खांद्याला धरून मागे ओढायची, कारण खिडकी बाहेर उघडते, आणि शेटाणीबाई ती हळू उघडत नसत. खिडकीखाली एक दगड होता, चपटा, आई त्याच्यावर उभी असायची. मूठ हलली की दगडावरून उतरायचं, मला मागे ओढायचं, दार आमच्या तोंडासमोरून फिरून भिंतीला लागायचं, मग पुन्हा दगडावर चढायचं. मग बांगड्यांचा हात. भाकरी, कधी कालवण, कधी आईला नुसतं "उद्या लवकर ये गं लंके, शेंगा फोडायच्यात". मी सात वर्षांची. पिठाचा वास, तापल्या तव्याचा वास आतून यायचा, आणि त्या वासाने तोंडाला पाणी सुटायचं, त्या पाण्याचा मला आजही राग येतो. वडील घरी म्हणायचे, आपण बुद्धाचे झालो, आता कुणापुढं हात पसरायचा नाही. आई मान हलवायची. भाकरी आम्ही खायचो. ते ट्रॅक्टरवर असायचे, त्यांना कळायचं नाही. किंवा कळायचं. खोडते. कळायचं.

"उजव्या," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"गनीभाई, मी हेच शिकवते."

"मग काय सवालच न्हाई," ते म्हणाले आणि एक नवं हँडल कागदात गुंडाळलं. "सकाळी येतो बसवाया. रिव्हेट काढावा लागतो, तुमच्यानं व्हायचं न्हाई."

शुक्रवारी नऊ वाजता ते ड्रिल घेऊन आले. प्रवीण चहाचा कप घेऊन दारात उभा. मी खाटेवरची चादर तिसऱ्यांदा झटकत होते, कारण रात्रभर दोरीने बांधलेल्या खिडकीतून काजळी आलीच होती, बारीक, काळ्या पिसांसारखी, आणि चादरीवर हात फिरवला की रेघ उमटत होती. गनीभाईंनी जुना रिव्हेट काढला, नवं हँडल चौकटीला लावून पाहिलं, परत काढलं, उलटंसुलटं केलं.

"ताई, हे बसत न्हाई."

"का?"

"तोंड उलट्या बाजूला हाय. तुमाला डावं पायजे."

"मी बघितलंय, उजवं आहे."

"हितं या." त्यांनी मला खिडकीसमोर उभं केलं, आत, आणि दार ओढून घेतलं. हँडल जिथे बसतं ती जागा, आणि त्याचं तोंड ज्या पट्टीत अडकतं ती पट्टी. डावीकडे. स्पष्ट. तीन वर्षं डावीकडे. "भाईरून बघितलं तर उजवं," गनीभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, ते फक्त मापाचं बोलत होते. "तुमी भाईर उभ्या राहून सांगितलं. आतनं सांगायचं असतंय. घरात राहनारं मानूस आतनंच सांगतंय."

माझे कान तापले. प्रवीण हसला, मोकळं, प्रेमळ. "गनीभाई, अहो मॅडम ड्रॉइंगवाल्या. ड्रॉइंगमध्ये घर बाहेरूनच काढतात. दर्शनी बाजू!" आणि मी तो आधार पकडला. हो, म्हणाले, सवय झालीय, आम्ही बाहेरूनच काढतो. गनीभाईंनी मान डोलावली. सगळ्यांना पटलं. मलाच पटलं नाही, आणि मी खोटं बोलले, तेही माझ्याच घरात, माझ्या नावावरच्या खोलीत उभी राहून. घराचे हप्ते मी भरते. ओटा मी तोडला. पहिल्या दिवशी या खिडकीसमोर एकटी उभी राहून मी ते हँडल वर केलं होतं, दार बाहेर ढकललं होतं, जोरात, शेटाणीबाईंपेक्षा जोरात, आणि बाहेर कुणी नव्हतं. नुसता दगड. त्यानंतर इथे ड्रॉइंग बोर्ड रचले आणि खोलीच्या दाराला कडी लावली. आणि डोळे मिटले की मी अजून बाहेर.

"तर डावं द्या," मी म्हणाले.

"न्हाई ना. डावं शेवटचं शेवगावच्या गिऱ्हाईकानं नेलं. नगरहून मागवतो, सोमवारी येईल."

"आई आज येणार आहे. अकरा वाजता."

गनीभाईंनी हनुवटी खाजवली. "मग हेच उलटं बसवतो. डोकं खाली, मूठ वर. मग तोंड बरोबर डावीकडं जातंय. पन मूठ वर म्हनल्यावर वजनानं खाली पडाया बघंल. स्क्रू टाईट करतो. पडली तर परत वर सारायची. सोमवारपत्तोर चालंल."

बसवलं. सगळ्या खिडक्यांची हँडलं खाली लोंबतात, हे वर बोट करून उभं राहिलं, वर्गात उत्तर येत नसताना हात वर केलेल्या पोरासारखं. मी त्याच्याकडे बघत होते. हेही तोडून उसात फेकावं असं वाटत होतं.

आई अकराला आली. प्रवीण रिक्षाने घेऊन आला. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा मोठा चष्मा, हातात पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट. मला वाटलं होतं, ती पुढच्या ओट्यावर थांबेल, उंबऱ्याशी घुटमळेल, मी तिचा हात धरेन. वाक्यंसुद्धा ठरवली होती. ती चप्पल काढून सरळ आत आली, भिंतीला हात लावत, आणि म्हणाली, "कुठं निजायचं मला?"

मी तिला मागच्या खोलीत नेलं. ती खाटेवर बसली. हुंगून पाहिलं. "चुलीचा वास गेला हितला."

"गॅस होता त्यांच्याकडे, आई. चूल नव्हती."

"आदी चूल हुती. तुला काय म्हाईत." तिने मान वळवली. "खिडकी कुठशी?"

मी तिला उठवलं, खिडकीपाशी नेलं. तिने हाताने काच चाचपली, चौकट चाचपली, वरचं हँडल सापडलं तेव्हा थांबली. "हे वर का?"

"उलटं बसलंय. सोमवारी बदलणार." आणि मग मी ते बोलले, ज्यासाठी हे सगळं केलं होतं, खाट, रंग, तीन वर्षं. "इथूनच भाकरी द्यायच्या ना तुला? आता तू आत आहेस."

काळ्या चष्म्यामागे तिचे डोळे दिसत नव्हते. बाहेर ट्रॅक्टर चालला होता, उसाचे दोन ट्रेलर जोडलेला, त्याचं गाणं भिंतीतून येत होतं.

"हितनं द्यायची," ती म्हणाली. "पन खिडकी मी मागितली."

"म्हणजे?"

"आदी मागच्या दारी द्यायची. पायरीच्या खाली बसवायची आन वरनं टाकायची. पदरात पडलं तर पडलं. म्या म्हनलं, बाई, दाराला न्हाई यायची मी, खिडकीला येते. ती म्हनली, खिडकीला कशाला? म्या म्हनलं, खिडकीला उभं ऱ्हाता येतं." तिने हात उंच करून दाखवला, कपाळाइतका. "तरी खिडकी उंच पडायची. मंग नदीवरनं दगड आनला. तुझ्या बापानं आन म्या, दोघांनी. उभं ऱ्हायलं की तिचं तोंड आन माझं तोंड येकाच लायनीत. हातात द्यावं लागायचं तिला. म्हनून तर रागानं उघडायची."

वडिलांनी. दगड. मी बेचाळीस वर्षं तो दगड तिथे कुणी ठेवला हे विचारलं नव्हतं. आणि हे ऐकून मला भरून वगैरे काही आलं नाही. मला आणखी राग आला. कारण हे तिने मला सांगितलं नव्हतं, कारण ती ते आता असं सांगत होती, जणू मोठं काही जिंकलं होतं, एक दगड, वीतभर उंची.

"मग मी काय करू?" मी म्हणाले. "टाळ्या वाजवू? भाकरी तर घेतलीसच ना. उतरत होतीस ना, ती उघडायची तेव्हा? मला मागे ओढायचीस ना? माझं अंग अजून मागे सरतं, आई. माझ्या घरात. कालसुद्धा सरलं."

"लागलं असतं तुला. म्हनून वढायची."

"आत यायचं दार का नाही मागितलंस?"

"दार तू घेतलंस की." ती हसली नाही, चिडली. "सगळं घर घेतलंस. मंग अजून खिडकीला का उभी हायेस? ती बाई मरून बारा वर्षं झाली. मला हितं आनून बसवतीस, ते कुनाला दाखवाया?"

"तुला."

"मला दिसत न्हाई, डोळ्यात औशिद हाय," ती म्हणाली आणि प्रवीणला हाक मारली. "जावाईबापू, माझी खाट पुढं टाका. ऊन येतं तितं. हितं हिला निजू द्या. खिडकी हिला पायजे हाय."

प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. त्याने खाट उचलली, एक बाजू हातात, एक बाजू फरशीवर घासत, आणि नेली. रंगवलेल्या भिंतीपाशी खाटेच्या पायांच्या चार खुणा राहिल्या. आई त्याच्या मागून भिंत धरून गेली. मला बरं वाटायला हवं होतं, ती राहणार होती, पंधरा दिवस, छताखाली, उन्हात. तेच तर हवं होतं. खोडते. तेच हवं नव्हतं.

प्रवीण डोळ्यात घालायचे थेंब आणायला गेला आणि दहा मिनिटांत वारा उठला. हँडलची वरची मूठ थरथरली, कलली आणि वजनाने खाली आली, उजवीकडे. दार सुटलं, बाहेर जाऊन भिंतीवर आपटलं. मी मागे सरले. सरलेच. आणि काजळी आत आली, मऊ, काळी, संथ, पुढच्या खोलीच्या दिशेने. मी खिडकीतून हात काढून दार ओढायला गेले, पोहोचेना, ते भिंतीला चिकटलं होतं आणि वारा त्याला धरून होता. मी मागच्या दाराने बाहेर धावले. बाहेरून दार लोटलं, तळव्याने दाबून धरलं. पण मी बाहेर आणि हँडल आत. सोडलं की उघडणार. काचेच्या दाण्यांतून खोली नुसती हिरवट दिसत होती. उसाची पाती सळसळत होती. केसात, पापण्यांवर काजळी बसत होती. मला नीट जोर मिळेना, म्हणून मी दगडावर चढले.

"आई!" मी ओरडले. मग लगेच, "नको, येऊ नको, धूळ आहे!" पण तोवर काचेमागे काहीतरी हललं होतं. पदराचा पांढरा, मग चष्म्याचा काळा. ती खिडकीपाशी आली. मी दगडावर, ती फरशीवर. तोंडं एका रेषेत.

"मूठ खाली पडलीय," ती आतून म्हणाली. "कुनीकडं फिरवू? डावीकडं का उजवीकडं?"

मला समोर दिसत होती, काळी आकृती, मूठ माझ्या डावीकडे कललेली. उजवीकडे, असं तोंडात आलं होतं. गिळलं. डोळे मिटले. आत गेले. खाटेच्या चार खुणांवरून, रंगाच्या वासातून, तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, तिच्या खांद्यावरून पाहिलं. जमत नव्हतं. पुन्हा बाहेर येत होते. पुन्हा गेले. तिचा उजवा हात काचेवर होता, तो माझ्या उजव्या हाताच्या जागी ठेवला.

"डावीकडे," मी म्हणाले. "तुझ्या डावीकडे, आई. आणि वर."

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. तोंड पट्टीत बसलं. माझ्या तळव्याखालचं दार घट्ट झालं, आतून धरलेलं. मी हात काढला. उघडलं नाही.

काचेमागची आकृती गेली नाही. तिने बोटाने काच वाजवली, दोनदा, आणि शेटाणीबाईंच्या आवाजात, तोच नाकातला, ओढलेला आवाज, माझ्या अंगावर काटा आणणारा, म्हणाली, "काय गं लंके? आज काय पाह्यजे?"

आणि हसायला लागली, एकटीच, आत, खोकला येईपर्यंत.

मला हसू आलं नाही. काजळी उडत होती. हसता हसता तिचा हात मुठीवर गेला होता, मला दिसत होतं, ती दार उघडणार होती, मला बघायला किंवा चिडवायला किंवा उगीच. "उघडू नको," मी म्हणाले. "डोळे सांभाळ." मूठ हलली. माझी टाच उचलली गेली, आपोआप, मागे, खाली उतरायला. मी ती परत दगडावर टेकवली आणि दोन्ही तळवे काचेवर ठेवले.

"सर मागं, लागंल," ती आतून म्हणाली, तिच्याच आवाजात.

"लागू दे."

मी दगडावरून उतरले नाही.